घशापुरतं धुकं

"आई, काहीतरी बोल ना," रणजित म्हणाला.

शकुंतलाबाईंनी तोंड उघडलं. बाहेर आली ती नुसती हवा.

सकाळचे साडेपाच वाजले होते. हॅमिल्टनच्या एका मोटेलची खोली भट्टीसारखी तापली होती. थंडीने घसा बसू नये म्हणून काल त्यांनीच लेकाला खोली गरम करणारा हीट पंप अठ्ठावीस डिग्रीवर ठेवायला लावला होता. खिडकीच्या फटीत टॉवेलही कोंबला होता. रात्रभर त्या कोरड्या वाऱ्याने ओठांना भेगा पडल्या, नाक आतून सुकलं आणि घशाचा पार पापड झाला.

आठ वाजता त्याच शहरातल्या रोटोटुनाला रणजितचा मित्र प्रमोद याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तासाभराहून जास्त अंतरावरच्या पापाकुराहून, म्हणजे रणजितच्या घरून, पहाटे निघून उशीर व्हायला नको, म्हणून मायलेक आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढून शकुंतलाबाई निवृत्त झाल्या आणि साठाव्या वर्षी पौरोहित्य शिकल्या. परदेशात लेकाकडे आल्यापासून त्यांना आलेलं हे पहिलंच बोलावणं. प्रमोदच्या वडिलांना ते पसंत नव्हतं. राजारामपंत काल त्यांच्यादेखत मुलाला म्हणाले होते, "बाईमाणूस कशाला? मी पुण्याहून मंत्रांची सीडी आणलीय, ती लावू."

"प्रमोदला फोन करू का? सीडीवर भागवतील," रणजित म्हणाला.

"भागवतील," त्या कुजबुजल्या. "आणि मग इथे मला कोण बोलावणार?"

रणजितने रिसेप्शनवरून मीठ आणलं. त्यांनी गुळण्या केल्या. न्हाणीघरात गरम पाण्याचा शॉवर सोडून वाफ घेतली. ओले टॉवेल खुर्च्यांवर पसरले, तर ते बघता बघता सुकू लागले.

"या यंत्राला तहान फार," असं पुटपुटत त्यांनी हीट पंप बंद केला, फटीतला टॉवेल ओढून काढला आणि खिडकी सताड उघडली. वायकाटो नदीवरचं धुकं अंगणापर्यंत आलं होतं. ते खोलीत शिरलं.

"अगं, बाहेर दोन डिग्री आहे! आजारी पडशील."

त्यांनी हातानेच त्याला गप्प केलं. स्वेटर, शाल, कानटोपी चढवून त्या खिडकीत खुर्ची घेऊन बसल्या आणि नाकाने सावकाश श्वास घेत राहिल्या. चष्म्याच्या काचांवर थेंब जमले. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, "केशवाय नमः."

"चिपळूणच्या मामासारखा घोगरा लागतोय आवाज," रणजित हसला.

"तसल्या आवाजाच्या मामालाही लोक बोलावतातच ना? मग चल."

प्रमोदच्या दिवाणखान्यात धुराचा अलार्म वाजू नये म्हणून त्याला प्लॅस्टिकची टोपी घातली होती. पन्नासेक माणसं होती. राजारामपंत मागे सोफ्यावर बसले होते.

"काकू, बरं नाहीये का तुम्हाला?" प्रमोदने हळूच विचारलं.

"बरी आहे. आवाज तेवढा अर्धा आलाय. तुम्ही नवराबायको जरा पुढे सरका."

त्यांनी संकल्प सांगायला घेतला. मोठ्याने बोलायला गेलं की आवाज फाटत होता, म्हणून त्या हळू बोलू लागल्या. एकेक शब्द सुटा करायचा, मग मराठीत अर्थ सांगायचा. एक्स्चेंजमध्ये खराब लाइनवर असंच बोलावं लागे. ऐकू येईना म्हणून स्वयंपाकघरातल्या बायका गप्प झाल्या, मग बाहेर येऊन बसल्या. क्रिकेटवर बोलणारे पुरुष सतरंजीवर पुढे सरकले. होम सुरू झाल्यावर शकुंतलाबाईंचा "स्वाहा" घशातच राहिला, तेव्हा सगळ्यांनी मिळून तो म्हटला.

"घरात राहणाऱ्यांना अन्न मिळो, येणाऱ्यांना जागा मिळो," त्या अर्थ सांगत होत्या. तेवढ्यात सोफा करकरला. राजारामपंत गुडघ्यांवर हात टेकत उठले, माणसांमधून वाट काढत आले आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. कानामागे तळहात धरून त्यांनी मान वाकवली.

"बाई, मघाचं परत सांगा," ते म्हणाले. "मागे ऐकू आलं नाही. माझा 'स्वाहा' म्हणायचा राहिला."

शकुंतलाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.