एकशे एक्कावन्नचा भाग

प्राध्यापकांचं मूळ संख्यांवर फार प्रेम, आणि त्याहून जास्त स्वतःच्या विनोदांवर. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर ३२१५०३१७५१ लिहिलं. एवढ्या मोठ्या संख्येला भाग देत बसणं हे येरागबाळ्याचं काम, असं वर्गाला बजावलं. एखाद्या लहान आकड्याचा घात घ्यायचा, बाकी पाहायची, की संख्येची कसोटी झाली. त्यांनी दोन, तीन, पाच आणि सात घेऊन पाहिले. चारही वेळा संख्या पास. मूळ संख्या आहे, म्हणाले, आणि हात झटकले.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. हिला एकशे एक्कावन्नने भाग जातो, म्हणाली.

“चार कसोट्या खोट्या आणि तुझी बोटं खरी होय गं?” असं म्हणून सर स्वतःच आधी हसले. सर हसल्यावर वर्ग कशाला मागे राहतोय? मुलगी खाली बसली, ती नंतर वर्गात फिरकलीच नाही.

सरांच्या हे खिजगणतीतही नव्हतं. एका सकाळी चहा पिता पिता वाटलं, पोरीचं नेमकं कुठे चुकलं ते शोधावं, वर्गात आणखी थोडी गंमत होईल. भागाकार केला, भाग गेला. पुन्हा केला, पुन्हा गेला. कसोटीला गंडवणाऱ्या तोतया संख्या असतात, हे तर ते दरवर्षी शिकवत. सरांचे कान तापले. घरात एकटेच होते, तरी त्यांनी कागद पालथा घातला.

मुलीच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. माफी मागायची हे ठरवूनच सर तिथे गेले. पण वडीलच लगबगीने उठले. पोरगी भर वर्गात उलट बोलली म्हणे, मी चांगली खडसावलीय, गणितही सोडायला लावतोय, असं म्हणून त्यांनी तिला हाक मारली आणि माफी मागायला लावली. तिने खाली मान घालून मागितली.

“असू दे,” सर म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना.

मुलीने कागद आणि पेन्सिल काउंटरवर ठेवली.

“सर, मी भागाकार कितीदा तरी केला. बाकी शून्यच येते. माझं कुठे चुकतं ते दाखवाल?”

सरांनी भागाकार मांडला. वडील वाकून पाहत होते. शेवटी खाली एकशे एक्कावन्नच उरले, तेही गेले.

“म्हणजे?” वडिलांनी विचारलं.

“म्हणजे ती बरोबर आहे. मी चुकलो. तिला गणित सोडायला लावू नका.”

आता तरी ती हसेल, असं सरांना वाटलं. ती कागदाकडेच बघत राहिली.

“भाग जातो का ते न बघताच हसलात, सर?”

“हो,” सर म्हणाले.