रूथच्या वाटीतली मटकी

मी एक जुने, विरलेले फडके आहे. भिंगारच्या एका क्वार्टरमध्ये मोरीच्या कोपऱ्यात पडून असते. मित्रांनो, आज माझ्या अंगाला फिनाईलचा वास येतो, म्हणून तुम्हांला खरे वाटणार नाही; पण तीस वर्षे मी मटकीला मोड आणले.

या घरच्या फिलोमिनाच्या लग्नाची पांढरी सुती साडी विरली, तेव्हा तिने निऱ्यांकडचा मऊ तुकडा फाडला, कडा हाताने शिवल्या आणि मला स्वयंपाकघरात आणले. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात दर शुक्रवारी माझा मान असे. त्या दिवशी घरात मटण शिजत नसे. चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची प्रार्थना करून आले की सगळे मटकीची, नाहीतर हुलग्याची उसळ खात. भिजलेली मटकी माझ्यात बांधून खुंटीला टांगायची, येता-जाता पाण्याचा हबका मारायचा. दाणा आतून उकलू लागला की मला गुदगुल्या होत. शेजारची हसीना वाटी घेऊन यायची आणि म्हणायची, "फिलोमिनाबाई, माझ्या वेणीपरीस तुमच्या मटकीचे मोड लांब हायेत."

पुढे फिलोमिना थकली. सून हेलन नोकरी करणारी, तिला वेळ कुठला? उपवासकाळात सोया खिम्याची पाकिटे येऊ लागली. झटपट शिजे आणि चव थेट मटणाची.

"मटण सोडायचं न् मटणाचीच चव शोधायची, हा कसला उपास गं?" फिलोमिना टोमणा मारी.

"आई, सोयाबीन बी कडधान्यच हाय की," हेलन हसून म्हणे.

गेल्या वर्षी अकरा वर्षांच्या नातीला, रूथला, टायफॉईड झाला. औषधांनी ताप उतरला, पण पोट बिघडले ते बिघडलेच. कधी तीन-तीन दिवस साफ होत नसे, कधी सारखी धावपळ. तिला पाकिटातली तळलेली मूगडाळ आणि सोया खिमा यांशिवाय काही नको असे. दप्तरसुद्धा उचलवेना. फिलोमिनाचा जीव तुटायचा. एका शुक्रवारी तिने कुणालाही न विचारता माझ्यात मटकी बांधली आणि रविवारी रूथला शिगोशीग वाटी भरून उसळ दिली. वर दुसरी वाढली. रूथने आजीसाठी सगळी संपवली.

संध्याकाळी पोट फुगून ती कळवळू लागली. दवाखान्यात न्यावे लागले. घरी आल्यावर हेलन सासूला म्हणाली, "आई, तुमच्या हातचं आता तिला काही देऊ नका."

फिलोमिनाने मला धुतले, घडी घातली आणि ठेवून दिले. त्यानंतर तिने रूथचे ताट कधी वाढले नाही. पावसाळा सरता सरता ती गेली. जाण्याआधी हसीनाला विचारत होती, "माझ्यामुळंच पोरीचं पोट कायमचं गेलं न्हवं?" हसीनाने परोपरीने समजावले. तिला ते पटले नाही.

मी फरशी पुसायला लागले.

नाताळनंतर हेलन रूथला नगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परत येऊन ती नवऱ्याला, दानीएलला, सगळे सांगत होती. आतड्यांत म्हणे डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. कडधान्याच्या सालीतला चोथा हे त्यांचे अन्न. टायफॉईडच्या औषधांनी त्यांतले बरेच गेले. उरले त्यांना पाकिटातल्या तळणीतून मीठ-तेलच जास्त मिळाले. सोयाबीन वाईट नाही, पण रोज एकट्या त्याच्यावर भागत नाही. उसळ हवीच होती. मात्र मऊ शिजवलेली, आधी एक चमचा, मग हळूहळू वाढवत.

हेलन शेवटी म्हणाली, "आईंचं औषध बरोबर होतं, दानीएल. वाटी तेवढी मोठी झाली."

दानीएल खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

आता नव्या फडक्यात मटकी बांधतात. रूथ चमचाभरापासून अर्ध्या वाटीपर्यंत आली आहे आणि दप्तर स्वतः उचलते. मित्रांनो, तुमच्या पोटातल्या त्या मुक्या जिवांना रोज थोडे थोडे घरचे अन्न देत जा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला लागेल असे काही बोललात, तर ते लवकर मागे घ्या. परवा हेलन दफनभूमीत जाऊन डॉक्टरीणबाईंचे बोलणे पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने सांगून आली, असे रूथ म्हणत होती. फिलोमिनाला ते फार आधी ऐकायचे होते.