पुन्हा चालवा

बुधवारी दुपारी संगणकाच्या पडद्यावरचा चौकोन लाल झाला आणि ती खुर्चीतून अर्धी उठली.

“अगं, घाबरतेस काय एवढी? पुन्हा चालव. होईल हिरवा,” शेजारच्या खुर्चीतून बुवा म्हणाला. टीममधला सगळ्यांत जुना माणूस तो. प्रत्येक संकटावर त्याच्याकडे एक शांत सल्ला असे, म्हणून सगळे त्याला बुवा म्हणत.

तिने ‘पुन्हा चालवा’ हे बटण दाबलं. चार मिनिटांनी चौकोन हिरवा झाला.

“बघ! मशीनलापण कधी कधी मूड नसतो,” बुवा हसला आणि कॉफी आणायला गेला.

तिला घरी ठकू म्हणतात. आपणही तेच म्हणू. चौदा मजली काचेच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर ती काम करत असे. कंपनी इतकी मोठी, की लिफ्टमध्ये भेटणाऱ्या दहांपैकी नऊ चेहरे अनोळखी असत. ठकूची टीम एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी मनगटावर बांधायचा एक बँड तयार करत होती. माणूस पडला की बँडला ते कळतं आणि त्याच्या घरच्यांचा फोन वाजू लागतो. बँडमधला कोड बदलला, की मशीन त्याच्या तीनशे चाळीस चाचण्या घेई. सगळ्या पास झाल्या तर चौकोन हिरवा. एक जरी नापास झाली तर लाल.

त्यांतली एक चाचणी अधूनमधून नापास होई आणि पुन्हा चालवली की पास होई. त्यामुळे मजल्यावर रीतच पडून गेली होती. लाल दिसलं की बटण दाबायचं. का लाल झालं, हे कुणीच विचारायचं नाही. विचारायला वेळ लागतो, आणि वेळ मागणाऱ्याचं काय होतं हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

ठकूच्या समोरची खुर्ची रिकामी होती. तिथे लंबू बसायचा. मागच्या वर्षी त्याने भर मीटिंगमध्ये म्हटलं होतं, “दोन आठवडे थांबूया, मला खात्री वाटत नाही.” पुढच्या महिन्यात एका सकाळी त्याच्या कार्डाने काचेचं दार उघडेना. लंबू आधी हसला. कार्ड मळलं असेल म्हणून त्याने ते शर्टाला पुसलं, पुन्हा लावलं. मग आतल्यांकडे बघून हात हलवला. दार आतून कुणीही उघडू शकलं असतं. कुणीही उठलं नाही. ठकूही नाही. तेवढ्यात सुरक्षारक्षक आला आणि लंबूला खाली घेऊन गेला.

दरवर्षी कामावरून काढायच्या लोकांची एक यादी निघते, असं सगळे म्हणत. ती कुणी पाहिलेली नव्हती. या वर्षीची यादी पुढच्या महिन्यात निघणार होती.

पण ठकूचं शिक्षण विज्ञानातलं. ‘मशीनला कधी कधी मूड नसतो’ हे उत्तर तिच्या गळ्याखाली उतरेना. तिने गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी काढल्या. ती चाचणी आठशे बारा वेळा चालली होती आणि एकेचाळीस वेळा नापास झाली होती. म्हणजे साधारण विसांत एकदा. ही चाचणी दर वेळी संगणकातल्या एका बनावट माणसाला वेगळ्या तऱ्हेने पाडून बघे. तिने एकेचाळीसही नोंदी एकाखाली एक मांडल्या आणि पुन्हा वरपासून वाचल्या.

प्रत्येक नोंदीत तो बनावट माणूस एकदा पडला होता, आणि आठ सेकंदांच्या आत दुसऱ्यांदा पडला होता.

तो कोड ठकूने स्वतः लिहिला होता. मोठ्या हौसेने लिहिला होता! म्हाताऱ्या बोटांना बँडचं बारीक बटण सापडत नाही, म्हणून तिने एक सोय केली होती: पडल्यानंतर आठ सेकंदांत मनगट जोरात झटकलं, की बँडने समजायचं, ‘मी ठीक आहे, फोन नको.’ टीममधल्या सगळ्यांनी गादीवर पडून पाहिलं होतं. पडायचं, हसायचं, मनगट झटकायचं. टीममध्ये पस्तिशीच्या वरचं कुणी नव्हतं. पडलेला म्हातारा माणूस आधी उठायची धडपड करतो आणि पुन्हा पडतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बँडला तो दुसरा दणका मनगटाच्या झटक्यासारखाच वाटत होता. माणूस जमिनीवर, आणि बँड म्हणतो आहे, सगळं ठीक आहे!

हा कोड आतापर्यंत फक्त दोनशे लोकांच्या बँडमध्ये होता, चाचपणीसाठी. गुरुवारी चार वाजता तो लाखभर बँडमध्ये जाणार होता.

तिने त्या दोनशे लोकांच्या तक्रारी उघडल्या. एक तक्रार बंद केलेली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, स्वयंपाकघरात पडल्या. चार तास दहा मिनिटं जमिनीवर. शेवटी शेजारीण आली. खाली कंपनीचा शेरा होता: ‘सूचना वापरणाऱ्या व्यक्तीने स्वतः रद्द केली. आपली चूक नाही.’

ठकूने पडद्यावरची खिडकी बंद केली, जणू मागून कुणी बघत होतं. खरंच कुणी बघत आहे का, म्हणून तिने वळूनही पाहिलं. कॉफीचा कप घेऊन बुवा परत येत होता.

“काय गं? भूत पाहिलंस का?”

“काही नाही,” ती म्हणाली.

संध्याकाळी घरी आत्या मटार सोलत बसली होती. ठकू आत्याकडेच राहत असे. आत्या एका मोठ्या रुग्णालयात मुख्य नर्स.

“बूट काढून आत येतात आपल्याकडे,” आत्या म्हणाली. मग तिने वर पाहिलं. “तोंड का असं झालंय? बस इथे. सोलता सोलता सांग.”

ठकूने सांगितलं. बँड, आठ सेकंद, आजी, लंबू, यादी. बोटांमध्ये मटार चिरडत होते तरी तिला कळत नव्हतं.

“मग उद्या सांगणार ना?”

“आत्या, मला काढतील गं!”

“काढतीलही.”

“अगं, धीर दे ना जरा!”

“खोटा देऊ?” आत्याने तिच्यापुढची शेंग काढून घेतली. “तू मटारची चटणी करते आहेस. ऐक. मी बावीस वर्षांची होते. एका पेशंटला इन्शुलिन दिलं आणि दिल्यावर लक्षात आलं की दहापट दिलंय. एक शून्य जास्त वाचलं होतं. आमच्या मोठ्या सिस्टरांचा असा दरारा, की त्या वॉर्डात शिरल्या की पेशंटसुद्धा सरळ झोपायचे. मी गप्प बसले.”

“तू?”

“हो, मीच. चाळीस मिनिटं. दर पाच मिनिटांनी जाऊन त्याची नाडी बघत होते. दर वेळी वाटायचं, बरी आहे की, काही होणार नाही. तुझ्या त्या बटणासारखंच की हे.” आत्या थांबली. “उतारा काय होता, माहीत आहे? शिरेतून साखरेचं पाणी. बाजूच्या कपाटात होतं. चार पावलांवर.”

“तो माणूस...?”

“वाचला. पण इतका वेळ मेंदूला साखर मिळाली नव्हती ना. घरी जायच्या दिवशी त्याची मुलगी न्यायला आली, तर मला विचारतो, ‘सिस्टर, ही कोण?’”

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

“मी मुख्य झाले तेव्हा वॉर्डात एक वही ठेवली,” आत्या पुढे म्हणाली. “चूक झाली की त्यात लिहायची. पहिलं पान माझं आहे, नावासकट. आणि नियम एकच. चूक सांगायला कुणी आलं, की पहिला प्रश्न ‘कुणी केली?’ हा नाही विचारायचा. ‘पेशंट कसा आहे?’ हा विचारायचा. कुणी केली ते नंतर कळतंच गं. पण तो प्रश्न आधी विचारला, की पुढची चूक कपाटात जाते आणि कुलूप लागतं.”

“आमच्याकडे पहिला प्रश्न तोच असतो.”

“मग कुणीतरी दुसरा विचारायला सुरुवात करा की! एवढे शिकलेले ना तुम्ही?”

गुरुवारी सकाळी ठकूने कार्ड आधी पुसलं, मग दाराला लावलं. दार उघडलं. तिला इतका आनंद झाला, की स्वतःचीच लाज वाटली.

अकरा वाजता मीटिंग. टीमच्या प्रमुखाला पाठीमागे सगळे ‘काउंटडाउन’ म्हणत, कारण त्याचं प्रत्येक बोलणं उरलेल्या वेळाने सुरू होई.

“पाच तास,” काउंटडाउन म्हणाला. “कुणाला काही अडचण?”

“नाही,” पहिला म्हणाला. “नाही,” दुसरी म्हणाली. “सगळं हिरवं,” बुवा म्हणाला.

ठकूची पाळी आली. समोरच्या काचेतून तिला लंबूची रिकामी खुर्ची दिसत होती.

“आहे,” ती म्हणाली. “अडचण आहे.”

खोलीत कुणीतरी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. काउंटडाउन हळूहळू तिच्याकडे वळला. “आत्ता? आज?”

तिने बँड मनगटावर बांधला, त्याला जोडलेला फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि ती उठून उभी राहिली. आणि पडली! सरळ गालिच्यावर, कोपरावर. कुणीतरी किंचाळलं. तिने उठायची धडपड केली, जशी त्या आजींनी केली असेल. आणि पुन्हा पडली.

सगळे फोनकडे बघत होते. फोन वाजला नाही. पडद्यावर शांतपणे अक्षरं उमटली: ‘सूचना रद्द. व्यक्ती ठीक आहे.’

ठकू गालिच्यावरच पडून राहिली. तिला उठवत नव्हतं.

“कुणी लिहिलंय हे?” काउंटडाउनने विचारलं.

“मी,” ती खालूनच म्हणाली. “आणि एक आजी चार तास दहा मिनिटं अशाच पडून होत्या. आपण त्यांना सांगितलं, तुम्हीच रद्द केलंत.”

मग बुवाची खुर्ची सरकली. त्याने वाकून तिला हात दिला.

“ती चाचणी मी नऊ वेळा पुन्हा चालवली आहे,” तो म्हणाला. आज त्याच्या आवाजात शांत सल्ला नव्हता. “नऊ वेळा लाल पाहिलं मी.”

“मी चार,” कोपऱ्यातून आवाज आला.

“मी मोजलंच नाही,” आणखी कुणी म्हणालं.

आता काउंटडाउन भडकणार, म्हणून ठकूने अंग चोरलं. पण तो खुर्चीत बसला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ठकूला पहिल्यांदाच दिसलं, की हा माणूस तिच्यापेक्षाही जास्त घाबरलेला आहे. त्याच्या वरही पाच मजले होते! तिथेही कुणाला तरी यादीची भीती असणार, आणि त्याच्याही वर कुणाला तरी. चौदा मजले एकमेकांना ‘सगळं हिरवं’ म्हणत होते, आणि सगळ्यांत खाली, स्वयंपाकघरातल्या जमिनीवर, एक म्हातारी बाई एकटी पडली होती.

“मला वर जाऊन सांगावं लागेल,” काउंटडाउन म्हणाला. त्याने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. “कुणी... येतं का माझ्याबरोबर?”

लंबूसाठी कुणी उठलं नव्हतं. आज खोलीतले सातही जण उठले.

काम अकरा दिवस थांबलं. वर खूप आरडाओरडा झाला, हेही सांगायला हवं. यादी निघाली; तीत ठकूचं नाव नव्हतं, पण वर्षाच्या अहवालात तिच्यावर ‘वेळेचं भान नाही’ असा शेरा आला, आणि तो आजही तिथे आहे. बुवाने लंबूला फोन केला. लंबूने तो उचलला नाही. काही गोष्टींना उशीर होतो तो होतोच.

पण ‘पुन्हा चालवा’ या बटणापुढे आता एक रिकामी चौकट येते. लाल का झालं, हे तिथे एका वाक्यात लिहिल्याशिवाय बटण दाबलं जात नाही. त्यातली पहिली नोंद काउंटडाउनची आहे, नावासकट.

अकरा दिवसांनी त्यानेच ठकूला एका लहान खोलीत बोलावलं आणि आजींना फोन लावला.

“आजी, आमच्या कंपनीची चूक झाली होती. तुम्ही आता कशा आहात?”

पहिला प्रश्न आत्या म्हणाली होती तोच होता. ठकूने मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते.

“चूक?” पलीकडून थरथरता आवाज आला. “म्हणजे मी नाही रद्द केलं?”

“नाही आजी. तुम्ही काहीच केलं नाहीत.”

“मुलगी रोज विचारते हो, आई, तू ते बंद का केलंस? मला तर काही आठवेना. मलाही वाटायला लागलं, आपलं डोकं गेलं आता. घराला कुलूप लावून तिच्याकडे जायचं ठरवलं होतं मी. सामानसुद्धा बांधलंय.” आजी थांबल्या. “मग सोडू का ते सामान?”

“सोडा, आजी,” काउंटडाउन म्हणाला.

वाचकहो, आपण एखादी चूक झाकतो तेव्हा ती नाहीशी होत नाही. आपल्याला न दिसणाऱ्या कुणाच्या तरी नावावर ती लिहिली जाते, आणि तो माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. आपलं घर असो, शाळा असो की चौदा मजली कचेरी, उद्या तुमच्यासमोर कुणीतरी थरथरत उभं राहील आणि म्हणेल, “माझ्या हातून चूक झाली.” त्या क्षणी ‘कुणी केली?’ हा प्रश्न ओठांवर येईल. तो गिळा. आधी विचारा, “कुणाला लागलं का?”