डावा गाल

पन्नाशी ओलांडल्यावर योगराज शिंगं मोडून वासरांत शिरला, तेव्हा रिंगरोडवरच्या डिझाइन स्टुडिओतली पोरं तोंड दाबून हसली. पंचवीस वर्षं ब्रशने साड्यांची डिझाइनं काढलेला हा माणूस माउस धरायचा तो विंचू धरल्यासारखा. पण खानदेशी माणूस एकदा हट्टाला पेटला की पेटला. वर्षभरात कोरल या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमवर त्याचा असा हात बसला की त्याला घरी बसवायचं शेठ विसरूनच गेला.

कॉम्प्युटरमधली एक गोष्ट त्याला फार आवडली होती, ती म्हणजे मिरर. अर्धी कोयरी काढायची, कळ दाबायची, की उरलेली अर्धी हजर. दोन्ही बाजूंत केसाचाही फरक नाही. देवाला जमलं नाही ते या डबड्याला जमतं, असं तो चहाच्या वेळी म्हणायचा.

दिवस असा निघून जायचा. संध्याकाळ निघता निघत नसे. गोडादऱ्यातल्या खोलीत तो एकटाच होता. बायको सरलाबाई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि तिच्या मागून वर्षभरात मुलगी जयश्री लग्न होऊन भेस्तानला गेली. भेस्तान काही सातासमुद्रापार नाही, याच शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण सासरी गेलेल्या मुलीला यायला सवड लागते. स्टुडिओत गुजराती, बसमध्ये हिंदी. अहिराणी बोलायला कोणी उरलं नव्हतं. भाकरी थापता येत नाही म्हणून रोज खिचडी, आणि खिचडीशी माणूस बोलणार तरी काय?

भिंतीवर सरलाबाईचं चित्र होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने ते पोस्टर कलरमध्ये काढलेलं. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, म्हणून त्याने ते उतरवून कपाटाच्या आड कुशीवर आडवं टेकवून ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोनच दिवसांत वस्तीमागच्या खाडीचं पाणी खोलीत शिरलं आणि चित्र निम्मं बुडालं. उजवा गाल, उजवा डोळा जसाच्या तसा राहिला; डावी बाजू धुऊन तिथे करडा ओघळ उरला. लग्नाचे फोटो खाटेखालच्या ट्रंकेत होते, त्यांचा लगदा झाला. दुसरा फोटो नव्हताच, कारण कॅमेरा दिसला की बाई पदर ओढून उठून जायची.

योगराज घाबरला. हल्ली डोळे मिटले की त्याला सरलाबाई दिसायचीच नाही, तिचं चित्र दिसायचं. चित्र गेलं म्हणजे तीही गेली, आता खरोखरची गेली, असं त्याला वाटू लागलं.

त्यात जयश्रीचा स्टुडिओत फोन आला. "बाबा, यंदा आखाजीले येस मी. मायना फोटो तयार ठेवा, घागरजोडे ठेवूत."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वारलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात आणि लेकी माहेरी येतात. दोन्ही एकाच दिवशी घडणार म्हणून योगराज चित्र पिशवीत घालून स्टुडिओत घेऊन गेला.

जेवणाच्या सुट्टीत त्याने ते स्कॅन केलं आणि त्यावरून नव्याने रेघा ओढायला घेतल्या. हे काम वेगळं असतं. इथे रंग पसरत नाही. रेघेवर ठिपके असतात, ठिपका ओढला की रेघ वाकते, आणि बंद आकारात रंग भरायचा. अशी रेघ कितीही मोठी केली तरी फाटत नाही, आणि पाण्याची तर तिला भीतीच नाही. कपाळ झालं, भुवई झाली, कानातलं झालं, ओठाचा कोपरा झाला. उजवी बाजू पूर्ण झाल्यावर त्याने फार विचार न करता तेच केलं, जे रोज कोयरीला करत होता. कळ दाबली.

सरलाबाई समोर आली. दोन डोळे, दोन गाल, मधोमध सरळ नाक.

धाकटे शेठ मागून जाताना थांबले. "काका, आ तो देवी जेवी लागे छे!"

लागत होतीच. म्हणून तर योगराजला खटकलं. कॅलेंडरवरच्या देवीने कधी त्याच्यासाठी भाकऱ्या थापल्या नव्हत्या. कुठेतरी चुकलंय, म्हणून त्याने नव्या रेघा जुन्या चित्रावर ठेवल्या आणि धुतलेली बाजू मोठी करून पाहिली. रंग गेला होता, पण खाली पेन्सिलची पुसट रेघ शिल्लक होती. उलटी केलेली रेघ तिच्यावर तंतोतंत बसली. भुवईवर भुवई, ओठावर ओठ.

आधी त्याला बरंच वाटलं. मग माउसवरचा हात थांबला. माणसाचा चेहरा असा तंतोतंत नसतो, हे पंचवीस वर्षं चित्रं काढणाऱ्याला कोणी सांगायला नको. त्याने जुन्या चित्रातलं नाक आणखी मोठं केलं. त्याच्या मधून, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पेन्सिलची एक सरळ उभी रेघ खाली गेली होती.

मग त्याला तो रविवार आठवला. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, बटर पेपर होता. अर्धं काढायचं, कागद मधोमध दुमडायचा, मागून घासायचं, की दुसरं अर्धं उमटतं. ही युक्ती तो नुकतीच शिकला होता, आणि नव्या नवरीवर छाप पाडायची होती. चुलीवर डाळ ठेवून ती त्याच्यासमोर अवघडून बसली होती. अर्धा चेहरा झाल्यावर तो म्हणाला, "जाय, व्हयनं. बाकीनं कागदवर व्हई."

ती उठली. "आन हाऊ गाल कोन देखी?" असं दुसऱ्या गालाबद्दल विचारून हसली आणि डाळ ढवळायला गेली. त्याने मान वर केली नाही. तो कागद दुमडत होता.

म्हणजे खाडीच्या पाण्याने काहीच नेलं नव्हतं. त्या बाजूला नेण्यासारखं काही नव्हतंच. खाडीला आठ-नऊ महिने शिव्या देणाऱ्या योगराजला तिथेच, एसीच्या गारव्यात, रडू आलं. नाक सर्दीने गळतंय असं दाखवत तो रुमाल लावून बसून राहिला.

आखाजी तोंडावर आली होती. दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने चित्र होतं तसंच छापून, फ्रेम करून आणलं.

जयश्री सांजोऱ्यांचा डबा घेऊन आली. घागर भरली, वर खरबूज ठेवलं, शेजारी फ्रेम उभी केली आणि हात जोडले. "मायच शे हाई! कितली सुंदर काढी, बाबा." मग फ्रेमकडे बघता बघता ती सहज म्हणाली, "फक्त तिले हासतांना डावा गालवर खळी पडे, ती ऱ्हायनी. तुम्हले याद नही का?"

"याद शे ना," योगराज म्हणाला. "छापामां नही उनी."

याद नव्हती. सरलाबाई हसायची हे त्याला आठवत होतं, कशाकशाला हसायची तेही आठवत होतं. खळी आठवत नव्हती. जयश्री दुपारीच निघाली, पाच वाजता नवऱ्याची कामाची पाळी होती. घागरीपुढे बसून त्याने तिचं एकेक हसणं मनात आणून पाहिलं. प्रत्येक वेळी ती उजव्या गालानेच हसली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने फाइल उघडली. खळी म्हणजे काय, एवढीशी वाकडी रेघ. अशा रेघा त्याने साड्यांवर हजारोंनी काढल्या होत्या. एक काढून त्याने ओठाजवळ ठेवली. चांगली दिसली. जरा वर सरकवली, तिथेही चांगली दिसली. कानाकडे नेली, परत खाली आणली. पोरं जेवून, हात पुसत आपापल्या जागेवर येऊन बसली, तरी तो ती सरकवतच होता. जिथे ठेवावी तिथे ती शोभत होती.