पाटावरचा दुसरा उंदीर

मोबाईलवरच्या त्या बायांचा विनीताला मनापासून राग यायचा. मागे पांढरीशुभ्र भिंत, अंगात इस्त्रीचे कपडे. 'घरातल्या अगदी साध्या वस्तूंपासून लहानग्यांसाठी सोपी कलाकुसर' असं गोड हसत म्हणायच्या, आणि मग एकेक साधी वस्तू टेबलावर मांडायच्या. चकचकीत पावडर, लोकरीचे गोंडे, चिकटवायचे हलणारे डोळे. कट्टा गावच्या बाजारात हलणारे डोळे मागितले असते, तर दुकानदाराने हिलाच डोक्यावर पडलीय की काय असं विचारलं असतं. विनीताने मोबाईल पालथा टाकला आणि स्वयंपाकघरात गेली. साध्या वस्तू म्हणे. साध्या वस्तू काय असतात ते तिला ठाऊक होतं.

भेंडी चिरताना देठाकडचा तुकडा बाजूला ठेवायचा. तो हळदीच्या पाण्यात बुडवून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दाबला, की पिवळं फूल उमटतं. कोकमाच्या आगळात बुडवला तर लाल. तांदळाचं पीठ मळून साप करायचा, त्याला मोहरीचे डोळे लावायचे. फणसाच्या पानांना झाडूची काडी टोचून टोपी, माडाच्या पातीची गुंडाळून पिपाणी, करवंटीचं कासव. तिची सृष्टी नुकती चार वर्षांची झाली होती. ती दुपारभर मागच्या पडवीत बसून हे उद्योग करायची आणि घरभर पिवळी फुलं उमटवून ठेवायची. सासूबाईंच्या लुगड्यावरसुद्धा एक होतं. सासूबाई, म्हणजे सुगंधाआई, ते धुवायला तयार नव्हत्या.

सगळं कसं छान चाललं होतं. फक्त एक गोष्ट होती. सृष्टी सगळं डाव्या हाताने करायची.

सासरे सत्यवान, म्हणजे घरातले आबा, गावचे मानकरी. देवळातला पहिला नारळ त्यांच्या हातून फुटायचा. असल्या माणसाला नात डावरी निघालेली कशी चालेल? पहिल्यांदा ते नुसते 'उजव्या हातान घे गो बाय' म्हणायचे. मग शाळेत नाव घालायची गोष्ट निघाली, आणि त्यांनी मनावरच घेतलं. जेवायला बसलं की खुंटीवरचा आपला पंचा काढायचे आणि पोरीचा डावा हात तिच्या कमरेशी बांधायचे. मारायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत. उलट अगदी लाडात सांगायचे.

"ह्या हाताक झोपव. तो झोपलो काय उजवो आपसूक शाणो होता."

आबा बागेत गेले की सुगंधाआई गाठ सोडायच्या, त्यांची चाहूल लागली की परत मारायच्या. नवऱ्याचाही मान राहायचा आणि नातीचाही जीव राहायचा. पण पोरगी काय दगड आहे? तिने ते झोपवणं खरंच करून टाकलं. पंचा नसला तरी डावा हात मांडीखाली घालून त्यावर बसायला लागली. एका दुपारी विनीताने भेंडी, हळद, कॅलेंडर सगळं पुढ्यात मांडलं. सृष्टीने उजवा हात पुढे केला. भेंडी निसटली, हळद सांडली. तिने आईकडे बघितलं नाही.

"माका येना नाय," ती म्हणाली आणि पडवीतून उठून गेली.

ज्या पोरीला खेळातून ओढून जेवायला न्यावं लागायचं, तिने 'येना नाय' म्हणावं? विनीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. तो हात मांडीखालून बाहेर यायला हवा होता.

तिने नवऱ्याला गाठलं. धनेशची कसाल नाक्यावर रिक्षा. गिऱ्हाइकाशी भाडं घासाघीस करताना आवाज चढायचा, बापापुढे मात्र मांजर.

"आबांक मी काय सांगू? तेंका सांगून कोणाचा भला झाला?"

"मगे मी सांगतंय," विनीता म्हणाली.

आणि सांगितलंही, चहाचा कप पुढे ठेवता ठेवता. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा बशीत ओतला.

"उद्या शाळेत पोरा हसतली. परवा लग्नाच्या पंगतीत वाढूक गेला तर लोक पान सारून उठतले. तेव्हा तू थंयसर आसशीत काय? मी तिच्या बऱ्याकच करतंय."

त्यात खोट नव्हती, हेच तर वाईट होतं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. प्रेमाने हात बांधणाऱ्याशी कसं भांडायचं? विनीता कप उचलून आत गेली. पण गप्प बसली म्हणजे हरली असं ज्याला वाटलं, त्याने विनीताला ओळखलंच नव्हतं.

श्रावण लागला होता. घरोघरचे पाट मूर्तिकार मंगेशच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, पोचले होते. इकडची रीतच ती. मूर्ती दुकानातून उचलून आणायची नाही. आपल्या घरचा पाट शाळेत द्यायचा, आणि मंगेश त्या पाटावरच माती चढवणार. वर्षानुवर्षं तोच पाट. ह्यांच्या पाटाच्या कडेला आबांच्या वडिलांनी स्वतः कोरलेलं कमळ होतं, त्यामुळे शंभर पाटांत तो ओळखू यायचा. मंगेशचा एक नियम होता. पाट ज्याचा, त्याच्यावर जे काही बसलं ते त्याचं. दुसऱ्याच्या पाटावरचा मातीचा कणही तो आपल्या मर्जीने उचलायचा नाही.

विनीता सृष्टीला घेऊन मंगेशच्या शाळेत गेली. पत्र्याखाली ओल्या मातीचा गार वास, सगळीकडे बिनरंगाचे गणपती, कुणाला अजून कान नाहीत, कुणाला सोंड. वाडीतली पोरं कोपऱ्यात माती थापत बसलेली. मंगेशने सवयीने एक गोळा सृष्टीपुढेही ठेवला. ती हातावर बसली होती. उजव्या बोटाने तिने गोळ्याला टोचून बघितलं. विनीता मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली. बोलली असती तर सगळं फिसकटलं असतं.

थोड्या वेळाने तिने हळूच मान वळवली. हात बाहेर आला होता. पोरीला पत्ताच नव्हता. डावा हात मातीत राबत होता, वळत होता, चिमटे काढत होता, आणि जीभ दातांत धरलेली. उंदीर झाला. एक कान मोठा, एक बारका, शेपटी गणपतीच्या सोंडेएवढी जाड. सृष्टी उठली, कमळाचा पाट शोधला आणि गणपतीच्या पायाला चिकटवून तो उंदीर दाबून बसवला. मंगेशने केलेला सुबक उंदीर दुसऱ्या बाजूला होताच.

मंगेशने डोकं खाजवलं. "वैनी, सत्यवानकाकांक चलात मा?"

"पाट आमचो आसा मा?" विनीता म्हणाली. "मगे ऱ्हवांदे."

पुढे रंगाच्या दिवशी सृष्टीने त्याला जांभळा रंग दिला. उंदीर जांभळा असतो का, असं तिला कुणी विचारलं नाही. पण शाळेतून घरी पाऊल टाकलं की हात परत मांडीखाली. घरात पंचा होता ना.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी आबा आणि धनेश गणपती घेऊन आले. सुगंधाआईंनी ओवाळलं, आबांनी वरचं फडकं काढलं आणि तसेच उभे राहिले.

"ह्यो दुसरो उंदीर खंयसून इलो?"

"सृष्टीन केल्यान," विनीता म्हणाली.

आबांनी नातीकडे बघितलं, मग सुनेकडे. "खंयच्या हातान?"

एवढ्यात मागून सुगंधाआई घाईघाईने म्हणाल्या, "उजव्याच हातान केल्यान असतला. नाय गो, विनीता?"

बिचाऱ्या. वाट काढून देत होत्या. नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर उंदीर राहिला असता, सण गोड झाला असता, धनेशच्या जिवाला स्वस्थता मिळाली असती. विनीताने खाली बघितलं. सृष्टी तिच्या तोंडाकडे बघत होती. पोरीला नक्की ठाऊक होतं, कुठल्या हाताने ते.

"डाव्या," विनीता म्हणाली. "डाव्या हातान, आणि माझ्यासमोर."

आबांचा आवाज चढला नाही. "धनेशा, सुरी हाड."

धनेश हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बापाचं सांगणं त्याला ऐकू आलं नसावं. आबा स्वतः सुरी आणायला वळले, तशी विनीता पाटापुढे उभी राहिली. सासऱ्यांपुढे पदर सावरून उभी राहणारी बाई, पण आज पदराकडे तिचं लक्ष नव्हतं.

"देवाची सोंड खंयच्या बाजूक वळली आसा ती बघा, आबा. डाव्याच ना?"

"देवाची बरोबरी माणसान करू नये."

"बरा. नाय करनंय. मगे घाला सुरी. उंदराची माती देवाच्या पायाक चिकटान सुकली आसा. उंदरावांगडा पायाचो टवको गेलो, तर भंगलेल्या गणपतीची पूजा करतलास? आणि गावाक काय सांगतलास, मानकऱ्याच्या घरात देवाचो पाय कोणी मोडल्यान?"

आबा पुढे वाकले. चष्मा सारून त्यांनी तो सांधा बोटाने चाचपला. खरंच चिकटला होता, चांगला घट्ट. मग सरळ होऊन म्हणाले, "उद्या तेच्यार फुला घाला. दिसता नये. आणि आरतीक लोक येतले, तेव्हा चेडवाचो हात बांधून ठेव. चार माणसांत माका शोभा नको."

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. जांभळ्या उंदरावर जास्वंदीचा ढीग पडला. दुपारी विनीताने खुंटीवरचा पंचा काढला. सुगंधाआईंनी तोंड फिरवलं, त्यांना वाटलं ही आता बांधणार. विनीताने तो मागच्या पडवीत जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर करवंट्या ठेवल्या आणि शेजारी भेंडी आणि हळदीचं पाणी मांडलं.

"हेच्यार फुला काढ बघूया," ती म्हणाली.

सृष्टीने पंच्याकडे बघितलं. हातावर बसून राहिली. विनीताने जोर केला नाही. पंचा जमिनीवर आला म्हणून गाठ सुटत नाही, हे तिला त्या दुपारी नीट कळलं.

दिवेलागणीला वाडी जमली. टाळ आले, मृदुंग आला, पोराटोरांनी पुढची ओटी गजबजली. आबांनी सोवळं नेसलं, निरांजन पेटवलं. विनीता सृष्टीला कडेवर घेऊन अगदी पुढे, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली. हात बांधलेला नव्हता. आबांनी ते बघितलं, ओठ आवळले, पण चार माणसांत बोलायचं काय? त्यांनी आरती सुरू केली. उजव्या हातात निरांजन, डाव्या हातात घंटा. वाडवडलांपासून असंच.

सृष्टी आपल्या आबांकडे बघत होती. निरांजनाकडे नाही, गणपतीकडे नाही, त्या घंटेकडे. पहिलं कडवं संपलं, लोक श्वास घ्यायला थांबले, आणि त्या एवढ्याशा शांततेत तिचा आवाज सगळ्या ओटीला ऐकू गेला.

"आबा, तुमचो ह्यो हात झोपूक नाय?"

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पोरीने थट्टा केली नव्हती. तिला खरंच काळजी वाटली होती. आता आबांचाही हात बांधणार की काय, अशी.

आबांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. घंटा थांबली. ती उजव्यात घ्यायची तर निरांजन डाव्यात येणार. त्यांनी तसं करायला हात हलवला, अर्ध्यावर थांबवला. मृदुंगवाला त्यांच्याकडे बघत होता. अख्खी वाडी बघत होती.

विनीता पुढे झाली. विचारलं नाही, नमस्कार केला नाही. तिने सासऱ्यांच्या हातातून घंटा काढून घेतली आणि सृष्टीच्या पुढे धरली.

"घे. वाजव."

सृष्टीने आबांकडे बघितलं. विनीताला वाटलं, आता ह्यांच्या तोंडून एक शब्द गेला तर तो हात जन्माचा मांडीखाली जाईल. आबांनी निरांजन दोन्ही हातांनी धरलं. घसा खाकरला.

"वाजव गो," ते म्हणाले. "लोक खोळांबलेत."

तिने डाव्या हाताने घंटा घेतली. जड होती, पहिल्यांदा नुसती कण्हली. मग वाजायला लागली, आणि अशी वाजली की विचारू नका. तालाचा आणि तिचा काही संबंध नव्हता. मृदुंगवाल्याने दोनदा सावरायचा प्रयत्न केला, मग तोच तिच्या मागे गेला. टाळ्याही तिच्या मागे गेल्या. सुगंधाआईंनी सगळ्यांदेखत पुढे होऊन उंदरावरची जास्वंद काढली आणि गणपतीच्या डोक्यावर वाहिली.

सकाळी आबा आंघोळ करून आले आणि सवयीने खुंटीकडे गेले. खुंटी रिकामी. अंगावरचं पाणी निथळत ते मागच्या पडवीत आले. पंचा जमिनीवर तसाच पसरलेला होता. त्याच्या मधोमध सृष्टी फतकल मारून बसली होती. डाव्या हातात भेंडी, कोपरापर्यंत हळद, आणि अर्धा पंचा पिवळ्या फुलांनी भरलेला.

"आता आंग कशान पुसू?" आबा म्हणाले.

"वायंच थांबा," विनीता आतून म्हणाली. "अजून अर्धो ऱ्हवलो आसा."