ड्रायव्हरच्या बाजूचं दार

मनुष्याचा जीव ही जगातली सर्वांत मोलाची चीज आहे. त्या सकाळी खामगावच्या टॅक्सी स्टँडवर हे एकट्या शकूर मिस्त्रीला पटलेलं होतं, आणि त्याला तर टॅक्सीत बसायचंही नव्हतं.

“पह्यले तो पट्टा काढ,” अंबूबाई म्हणाली. तिचा एक पाय मोटारीत होता, दुसरा जमिनीवर. ती अमडापूरच्या बाजारात लुगडी विकायची आणि स्टँडवर तिच्या शब्दाला वजन होतं.

“मावशी, जीव वाचवाचा पट्टा हाय तो.”

“जित्या मानसाले कोनी बांधते काय रे? बांधते ते तिरडीवर. मले बाजाराले जाचं हाय, मसनात नाई.”

उतारू हसले. कफनालाही गाठी मारतात, एवढंच शकूरला आठवलं. निदान या बाबतीत दोन्ही धर्मांचं एकमत होतं.

शकूरचा धंदा आपटलेल्या मोटारी सरळ करण्याचा. माणसं सरळ करण्याचं काम दवाखान्याकडे होतं. तिथं जे जमत नसे ते इथं ठोकून जमायचं. तीस वर्षांत मोटार कुठं दबते आणि माणूस कुठं आपटतो, हे त्याला पाठ झालं होतं. एकदा डॅशबोर्डात रुतलेला दात निघाला. तो त्यानं तीन दिवस डबीत ठेवला. मागायला कोणी आलं नाही.

त्यात एक दिवस नटबोल्ट बांधून आलेल्या विलायती मासिकाच्या पानावर फोटो दिसला. शर्यतीची मोटार उलटी पडलेली, चाकं आभाळाकडे, आणि तिचा ड्रायव्हर शेजारी उभा राहून सिगारेट ओढतोय. रोज टॅक्सीनं अमडापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या दयाराम मास्तरांनी खालचा मजकूर वाचून दाखवला. मोटार ताशी एकशेवीस मैलांनी आपटली होती. डोक्यामागं लोखंडी कमान होती म्हणून वरून चेंगरला नाही. पट्टा होता म्हणून आतच राहिला.

शकूरनं फोटोतल्या कमानीवर बोट ठेवलं.

“मास्तर, जो मराच्या तयारीनं निघते त्याले टोप, पट्टा, कमान. अन जो कांदे आनाले निघते त्याले काऊन काहीच नाई?”

“मिस्त्री, त्या मोटारीत एकच मानूस बसते,” मास्तर म्हणाले. “एकाची काळजी घेता येते. आपल्या मोटारीत बारा. बारा म्हंजे गर्दी.”

शकूरचा एकुलता एक मुलगा कय्यूम त्या बारांना घेऊन रोज चार खेपा मारायचा. म्हणून शकूरनं कापसाच्या जिनातल्या यंत्राचा जुना पट्टा आणला, टांग्याच्या साजाचं बक्कल लावून तो कय्यूमच्या जागेवर बसवला आणि दोन इंची पाइप वाकवून छताखाली कमान बसवली. मोटारीचे मालक रामराव बाहेरगावी होते, तेवढ्यात हे उरकलं.

रामराव आले, कमानीला डोकं लावून पाहिलं आणि म्हणाले, “शकूरभाई, काम झकास केलं. पन दोन शिटा गेल्या ना बे.”

कमान दुपारी निघाली. पट्टा मात्र आधीच निरुपयोगी ठरला होता. पुढच्या बाकावर ड्रायव्हरसकट पाच बसत. त्यांना जागा करून देताना ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर असे. एक हात चक्रावर, एक पाय वाऱ्यावर. बक्कल जिथं यायचं तिथं दुसऱ्याच कोणाची तरी मांडी असे. मांडीच्या मालकानं हरकत घेतली.

“अब्बा, लोकं हासते,” कय्यूम म्हणाला. “म्हन्ते, बापानं पोराले दाव्याले बांधलं. सोडा ना आता.”

शकूरनं पट्टा सोडला.

कार्तिकात अमडापूरहून परतताना टायर फुटलं. मोटारीनं दोन कोलांट्या घेतल्या. दारात लटकलेला कय्यूम पहिल्याच कोलांटीला उडाला आणि उभ्या पऱ्हाटीत पडला. त्याच्या अंगावर ओरखडे होते आणि केसांत कापूस. आत तिघं गेले. मागच्या बाकावरचे दयाराम मास्तर त्यांत होते. छत थेट बाकाच्या पाठीवर येऊन टेकलं होतं. त्या फोटोखालचं इंग्रजी वाचणारा आता कोणी उरला नाही.

दवाखान्याच्या ओट्यावर निकाल लागला. डोक्याला पट्टी बांधलेली अंबूबाई शकूरला म्हणाली, “पाह्य! तुया पट्ट्यानं बांधला असता तं पोरगं गेलं असतं.”

“पन मावशी, कमान असती तं मास्तर...”

“मास्तरचं सोड. पोरगं जितं हाय का नाई?”

कय्यूम समोर चहा पीत होता. जिवंत होता. इतका जिवंत की त्यानं चहात बिस्कूट बुडवून ते पडू न देता तोंडापर्यंत नेलं. शकूरनं मान हलवली. आपलं चुकलं असं त्याला वाटत नव्हतं. पण आपलं बरोबर होतं हे सिद्ध करायला पोरगा मेलेला लागला असता, आणि इतका हट्टी तो नव्हता.

मोटार अर्थातच त्याच्याकडेच आली. छत ठोकून वर काढताना त्यानं कमानीच्या जागी वीत लावून पाहिली. दोन वितींनी मास्तर वाचले असते. कोणाला सांगावं म्हणून त्यानं आजूबाजूला पाहिलं. दुकानात कय्यूम होता.

“अब्बा, एक काम करा,” कय्यूम म्हणाला. “माया बाजूच्या दाराची कडी काढून टाका. उडाचं तं मोकळं उडता आलं पाह्यजे. नुसती सुतळी बांधा.”

“सुतळीनं दार राह्यते काय बे?”

“मागच्या टायमाले दार उघडंच होतं म्हनून वाचलो ना? तुमीच सांगा.”

शकूरनं सांगायला तोंड उघडलं. तीस वर्षं, डबीतला दात, दोन विती, सगळं त्याच्या तोंडाशी आलं. पण ते ज्याला सांगायचं तो पोरगा स्वतःच पुरावा होऊन समोर बसला होता. त्यानं पाना घेतला आणि कडी काढली. सुतळी मात्र त्यानं स्वतः निवडली, चांगली पिळाची.

कय्यूमची मोटार नशीबवान ठरली. तिच्यात बसायला लोक दुसऱ्या टॅक्सी सोडू लागले. रामरावांनी तेरावा बसवला. बाकीच्या ड्रायव्हरांनीही शकूरकडे कड्या काढायला रांग लावली. इतक्या वर्षांत प्रथमच त्याच्या हातचं सुरक्षेचं काम लोकांना पसंत पडलं. तो एकेकाला “पाह्य बाप्पा, राहू दे कडी” म्हणायचा. “स्वतःच्या पोराची काढली, आमची काऊन नाई?” असं ते विचारायचे. मग तो काढून द्यायचा.

चैतात एक बैलगाडी आडवी आली. कय्यूमनं करकचून ब्रेक मारला. मोटार आडवी घसरत गेली आणि रस्त्यावरच थांबली. उलटली नाही, कुठं आपटली नाही. काच फुटली नाही. आतल्या तेरांपैकी कोणाला खरचटलं नाही. सुतळी तुटली. कय्यूम बाहेर पडला.

त्या बाजूला पऱ्हाटी नव्हती. मैलाचा दगड होता. खामगाव, चौदा मैल.