दोरीचं दुसरं टोक

"शिट्टी नको हं बाई, इथे मुलं दचकतात," कॉम्प्युटरच्या बाई हसून म्हणाल्या.

खेळाच्या बाईंनी गळ्यातली शिट्टी कॉलरच्या आत सोडली. सव्वीस वर्षांत त्यांना शिट्टी नको म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं.

शनिवारचा शेवटचा तास त्यांचा. मुख्याध्यापकांनी तो महिनाभर कॉम्प्युटरच्या खोलीला दिला होता. मुलांनी एकमेकांशी जुळवून घ्यायला शिकावं म्हणून जोडीनं खेळायचे खेळ आणले होते. उपयोग दिसला तर तास कायमचाच तिकडे जाणार होता. खेळाच्या बाईंनी फक्त शिस्तीला उभं राहायचं. मैदानावर मी काय इतकी वर्षं माश्या मारत होते का, असं त्या विचारणार होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या.

खेळ साधा होता. एकीच्या पडद्यावर नदीतले खडक दिसायचे, दुसरीच्या हातात नाव. एकीनं सांगायचं, दुसरीनं वळवायचं.

खडक बघायला बसली होती गप्पू. आठ वर्षांची. वर्गात कुणाशी बोलत नाही म्हणून मुलांनीच ठेवलेलं नाव. उड्या मारताना दोरीचं दुसरं टोक एखाद्या मुलीनं धरलं, की ही खाली बसून घ्यायची. म्हणून दोन वर्षं बाई एक टोक मैदानातल्या खांबाला बांधत आणि दुसरं स्वतः फिरवत. गप्पू फक्त त्यांच्याच दोरीवर उडायची. शिक्षकांच्या खोलीत बाई हे तक्रारीच्या सुरात सांगत, पण सांगत रोज.

आणि आता तीच गप्पू शेजारच्या बडबडीला सांगत होती, "डावीकडे. अजून. थांब." जिला गप्प बसवताना वर्गशिक्षिकेचा घसा बसायचा, ती बडबडी निमूट ऐकत होती.

"बघितलंत? तिसऱ्याच शनिवारी," कॉम्प्युटरच्या बाई कुजबुजल्या.

"खुर्चीत बसून काय, कुणीही बोलेल," खेळाच्या बाई म्हणाल्या.

नाव शेवटच्या खडकापाशी आली. बाईंचा हात कॉलरमध्ये गेला. कधी गेला ते कळलंच नाही, असं त्यांनी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. पण कळलं होतं. शिट्टी वाजली. "तास संपला."

बडबडीचा हात हलला, नाव आपटली, पडद्यावर पुन्हा पहिला काठ. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं बाकी होती. कॉम्प्युटरच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग खेळाच्या बाईंकडे.

बडबडीचे डोळे भरून आले. गप्पूनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"परत करू. घाबरायचं नाही, माझ्याकडे लक्ष दे. मी आहे ना."

दोन वर्षं दोरी फिरवताना बाई हेच म्हणत आल्या होत्या. सूरसुद्धा त्यांचाच, शेवटी जरा ओढलेला.

"माझं घड्याळ पुढे गेलंय," बाई म्हणाल्या. "खेळा. सात मिनिटं आहेत."

त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं.

मागून टाळ्या ऐकू आल्या, तोवर त्या मैदानावर पोचल्या होत्या. आज तास नसूनही सकाळीच त्यांनी खांबाला दोरी बांधून ठेवली होती. गाठ नखांनी सुटेना, दातांनी सोडवली. दोरी नीट गुंडाळून, दोन्ही टोकं मोकळी ठेवून, त्यांनी ती कॉम्प्युटरच्या खोलीच्या पायरीवर ठेवली. मग जरा लांब, खांबाला टेकून उभ्या राहिल्या.